तार संपली की तुटली? उंदराच्या मेंदूबरोबरचे माझे दहा महिने

२३ मे २०२५ ला माझी तोंडी परीक्षा झाली आणि एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा संशोधन प्रकल्प एकदाचा संपला. विषय होता उंदराच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागात चेतापेशी एकमेकींना कशा जोडलेल्या असतात. माझ्याकडे उंदीर नव्हता आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकही नव्हता. चार जीबी रॅमचा लॅपटॉप होता आणि दिवसाला दोन जीबीचा मोबाइल पॅक होता. खालच्या वर्गातल्या दोघी-तिघींनी विचारलं की हे आपल्याकडून होईल का, म्हणून जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आमच्या अभ्यासक्रमात दोन सत्रांचा संशोधन प्रकल्प आला. ऑगस्ट २०२४ मध्ये विषय द्यायचे होते. बहुतेकांनी तळ्यातलं पाणी, फुलपाखरं, गांडूळखत असे विषय घेतले. मला मेंदूवर काम करायचं होतं, पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्येच प्राण्यांचं विच्छेदन अभ्यासक्रमातून बंद करायला सांगितलेलं, आणि तसंही आमच्या प्रयोगशाळेत मेंदू म्हणजे फॉर्मॅलिनच्या बरणीतला शेळीचा एक नमुना. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं, मायक्रॉन्सचा डेटा सगळ्यांना उघडा आहे. बघ जमतंय का. नाही जमलं तर सप्टेंबरपर्यंत विषय बदलता येईल."

मायक्रॉन्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रकल्प. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात एका उंदराच्या मेंदूची जागेपणी नोंद घेतली. तो छोट्या चाकावर चालत होता, समोर पडद्यावर चित्रपटांचे तुकडे आणि इतर हलती दृश्यं चालू होती, आणि लेझर सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे ७५ हजार चेतापेशींपैकी कोण कधी उजळते ते टिपलं जात होतं. नंतर मेंदूचा तोच भाग, साधारण एक घन मिलिमीटर, सिअॅटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटमध्ये ४० नॅनोमीटर जाडीच्या जवळजवळ २८ हजार कापांमध्ये कापला. कापणं १२ दिवस रात्रंदिवस पाळ्या लावून चाललं होतं. मग प्रत्येक कापाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रं घेतली, त्याला सहा महिने लागले. प्रिन्स्टनच्या गटाने ती चित्रं संगणकाकडून एकमेकांना जुळवून प्रत्येक पेशी वेगळी रंगवली. त्या ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकड्यात २ लाखांहून जास्त पेशी आणि ५२ कोटींच्या आसपास सिनॅप्स, म्हणजे पेशी-पेशींमधले जोड, आहेत. डीएनएच्या रचनेसाठी आपल्याला माहीत असलेले फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लिहिलं होतं की एक घन मिलिमीटर मेंदूचा नेमका जोडणी-नकाशा मागणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं. ती अशक्य गोष्ट मी आमच्या घराच्या ओट्यावर बसून उघडणार होते, याचं दडपण मला पहिल्या दिवसापासून होतं.

पहिला अडथळा विज्ञानाचा नव्हताच. १६ सप्टेंबरला प्रस्ताव दिला आणि तो परत आला, कारण शीर्षकात 'उंदीर' होता. प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नैतिकता समितीची परवानगी लागते, आणि आमच्या कॉलेजात अशी समिती नाही. अर्जात रकाने होते: प्राण्याची जात, संख्या, कुठून आणला, प्रयोगानंतर काय केलं. मी संख्येपुढे शून्य लिहिलं. "शून्य असेल तर अर्ज कशाला, आणि अर्ज केलाय तर शून्य कसं?" असं म्हणून तोही परत केला. शेवटी सरांनी एक पत्र तयार केलं की हा प्रकल्प सार्वजनिक माहितीसाठ्यावर आहे, कॉलेजात एकही प्राणी वापरला जाणार नाही. त्याला संकेतस्थळाच्या पहिल्या पानाची आणि वापराच्या अटींची छापील प्रत जोडली, प्राचार्यांची सही घेतली. २४ ऑक्टोबरला शिक्का मिळाला. पाच आठवडे गेले. तुम्ही असा विषय घेणार असाल तर हे पत्र प्रस्तावासोबतच द्या, मागतील याची वाट बघू नका.

तो शून्य लिहिताना मला बरं वाटलं नव्हतं. उंदीर होता ना. एकच होता, ७५ दिवसांचा असताना नोंदी सुरू झाल्या आणि काही दिवसांत संपल्या. आता त्याच्या मेंदूचा तो कण जगभरातले लोक बघतात. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी सगळ्यात आधी त्याचा उल्लेख केला.

परवानगीची वाट बघताना मी पायथन ही संगणकाची भाषा शिकले. वर्गात ते नव्हतं, यूट्यूबवरून शिकले, रोज एक तास. त्या पाच आठवड्यांचा इतकाच उपयोग झाला, पण झाला. डेटा हाताळायला 'केव्ह' नावाची प्रणाली आहे. गूगल खात्याने आत जायचं, अटी मान्य करायच्या, मग एक लांबलचक टोकन, म्हणजे प्रवेशाची किल्ली, मिळतं, ते आपल्या संगणकावर साठवायचं. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दाखवायला म्हणून मी तिथे नवं टोकन काढलं आणि घरी आल्यावर माझं जुनं चालेना. दोन दिवस मला वाटत होतं की माझा प्रवेशच काढून घेतला. नवं टोकन घेतलं की जुनं रद्द होतं, एवढंच होतं ते. एकदाच काढा आणि वहीत नाही, फाइलमध्ये जपून ठेवा.

पेशी डोळ्यांनी बघायला 'न्यूरोग्लान्सर' ब्राउझरमध्ये उघडतो. पहिली पूर्ण पेशी मी १ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत रात्री उघडली. पॅकचा डेटा दिवसा संपून जायचा, म्हणून बारा वाजून गेल्यावर बसायचे. आधी काळा पडदा, मग हळूहळू एक पिरॅमिड पेशी, म्हणजे त्रिकोणी शरीराची चेतापेशी, उमटली. खाली फांद्या, वर सरळ जाणारं खोड, शेंड्याला पिसारा, आणि सगळ्या फांद्यांवर बारीक काटे. पुस्तकात हे चित्र शंभरदा काढलं होतं. पण ही कुणीतरी काढलेली आकृती नव्हती, ही एका जिवाची एक पेशी होती, आणि तिच्या काट्यावर टेकलेली दुसरीची तार मला दिसत होती. मी आईला उठवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मुळ्या किती आल्यात गं."

लॅपटॉप मात्र दर दहा मिनिटांनी अडकायचा. आठ जीबी रॅमची पट्टी १,९०० रुपयांना टाकून घेतली. आकडेमोड गूगल कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या संगणकांवर, फुकट होते, पण आमच्याकडे वीज गेली की नेटही जायचं आणि चालू काम पुसलं जायचं. म्हणून दर टप्प्याचा निकाल ड्राइव्हवर लगेच साठवायची सवय लावली. एका मागणीत पाच लाख ओळींच्या पुढे डेटा मिळत नाही हेही तेव्हाच कळलं. सगळे सिनॅप्स एकदम मागायला जाऊ नका, आपल्या पेशीपुरते मागा.

नोव्हेंबरचा पूर्ण महिना एका चुकीत गेला, ती सविस्तर सांगते कारण ती कुणीही करेल. प्रत्येक पेशीला १८ अंकी क्रमांक असतो, ८६४६९१ ने सुरू होणारा. मी तो एक्सेलमध्ये ठेवला. एक्सेल पंधरा अंकांपुढचं लक्षात ठेवत नाही, शेवटचे तीन अंक शून्य करून टाकतं. मी शोधायचे, पेशी सापडायची नाही. मला वाटलं माझी आज्ञावली चुकते, ती चार वेळा नव्याने लिहिली. एका रात्री सहज दोन क्रमांक शेजारी ठेवले तेव्हा ते शून्य दिसले. क्रमांक नेहमी मजकूर म्हणून साठवा, संख्या म्हणून नाही.

डिसेंबरमध्ये दुसरी चूक. १२ तारखेला मध्यावधी सादरीकरण होतं. पेशींच्या जागांचा आलेख काढला तर सगळा घन भाकरीसारखा चपटा आला. मी त्याला 'पेशींचा थर' म्हटलं होतं. सरांनी आलेखाकडे बघून विचारलं, "एकक काय आहे?" जागांचे आकडे नॅनोमीटरमध्ये नसतात. ते चित्रातल्या घरांचे असतात, एक घर आडवं-उभं चार-चार नॅनोमीटर आणि खोलीच्या दिशेला ४०, म्हणजे एका कापाची जाडी. तिसरा आकडा ४० ने गुणायला हवा होता आणि पहिले दोन चारने. माझी सगळी अंतरं चुकली होती. मागणी करतानाच नॅनोमीटरमध्ये द्या असं सांगता येतं, तेच करा. आणि आलेखात वायचा अक्ष उलटा करा, कारण आकडा वाढतो तसं मेंदूत खोल जायचं असतं.

हे सगळं दुरुस्त झाल्यावर डिसेंबरअखेर मला पहिला निष्कर्ष मिळाला असं वाटलं. माझा मूळ प्रश्न होता: एक पिरॅमिड पेशी किती जणींना संदेश पाठवते? दहा पेशी घेतल्या होत्या. प्रत्येकीवर येणारे सिनॅप्स हजारोंनी होते. जाणारे मात्र काहींचे शेकड्यांत, काहींचे तर नुसते काही डझन. मी लिहून टाकलं की या पेशी ऐकतात फार आणि बोलतात कमी. दोन पानं लिहिली, मला ती आवडलीही होती.

आमच्या आप्पांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांचं तांबं काढून नवं भरायचं, हे काम ते तीस वर्षं करतात. जानेवारीत एका रविवारी मी दुकानात बसून काम करत होते, पडद्यावर माझी एक पेशी होती. आप्पा हात पुसत मागे येऊन उभे राहिले. मी दाखवलं, ही तार इथून निघते, इथे संपते. त्यांनी विचारलं, "संपते का तुटलीय?" मी म्हटलं, संपते. ते म्हणाले, "टोक दाखव. तुटलेल्या तारेचं टोक आणि संपलेल्या तारेचं टोक सारखं नसतं."

टोक मोठं करून बघितलं. ॲक्सॉन, म्हणजे पेशीतून संदेश घेऊन निघणारी तार, खरी संपते तिथे बहुतेक वेळा फुगीर गाठ असते, आत संदेशाच्या पिशव्या दिसतात. इथे तसं काही नव्हतं. तार मधेच, सुरीने कापल्यासारखी थांबली होती. मग मूळ करडी चित्रं एकेक काप पुढे सरकवत बघितली. एका कापाला घडी पडलेली होती. घडीच्या पलीकडे तीच तार पुढे जात होती, पण संगणकाने तिला दुसरा रंग, दुसरा क्रमांक दिला होता.

त्या रात्री मी हा डेटा तयार करणाऱ्यांची टिपणं परत वाचली आणि जे मी वरवर वाचून सोडलं होतं ते नीट कळलं. डेंड्राइट, म्हणजे संदेश घेणाऱ्या फांद्या, जाड असतात, ते संगणकाला बहुतेक पूर्ण सापडतात. म्हणून पेशीवर येणाऱ्या जोडांवर पुष्कळ भरवसा ठेवता येतो. ॲक्सॉन फार बारीक. ते जागोजागी तुटतात, कधी भलत्याच पेशीला चिकटतात. म्हणून माणसं बसून ते हाताने तपासतात, तुटलेलं जोडतात, चुकून जोडलेलं कापतात. ज्या पेशींचे ॲक्सॉन असे तपासून झालेत त्यांची वेगळी यादी असते. माझ्या दहापैकी बहुतेक पेशी त्या यादीत नव्हत्याच. त्या कमी बोलत नव्हत्या, त्यांच्या तारा माझ्यापर्यंत पोचल्या नव्हत्या. ती दोन पानं मी काढून टाकली. रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण खरं सांगायचं तर भीती जास्त वाटली, की आप्पांनी विचारलं नसतं तर मी ते छापलं असतं.

त्याच महिन्यात डेटाची १३०० क्रमांकाची आवृत्ती आली. मी ११८१ वर काम करत होते. तपासणीत पेशीचा तुकडा जोडला किंवा कापला की तिचा १८ अंकी क्रमांक बदलतो, त्यामुळे माझ्या यादीतले काही क्रमांक नव्या आवृत्तीत सापडेनात. पेशीच्या केंद्रकाला दिलेला क्रमांक मात्र आवृत्ती बदलली तरी तोच राहतो. आपल्या वहीत तो लिहा, आणि प्रत्येक आलेखाखाली आवृत्ती लिहा. मी ठरवलं की सगळं काम १३०० वर नव्याने करायचं आणि प्रश्नही बदलायचा. सरांनी विषयबदलाचा अर्ज लागणार नाही असं बघितलं, शीर्षक तेच राहिलं, उद्दिष्टं बदलली. तरी विभागप्रमुखांची सही घ्यायला आठवडा लागला.

नवा प्रश्न छोटा होता. मेंदूत दुसऱ्या पेशींना थोपवणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या बास्केट पेशी शेजारच्या पेशीच्या मुख्य शरीराभोवती टोपलीसारख्या विणल्या जातात. मार्टिनोटी पेशींची तार वर, पृष्ठभागाजवळच्या पहिल्या थरापर्यंत चढते आणि लांबच्या फांद्यांवर टेकते. हे पुस्तकात आहे. मला ते स्वतः मोजायचं होतं. या घनातल्या एका उभ्या स्तंभातल्या १,३५२ चेतापेशी तज्ज्ञांनी ओळखून ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या थोपवणाऱ्या पेशींचे ॲक्सॉन तपासलेले आहेत. त्यातून सहा बास्केट आणि सहा मार्टिनोटी घेतल्या, घनाच्या मध्याजवळच्या, कारण कडेच्या पेशींच्या फांद्या घनाबाहेर निघून जातात.

फेब्रुवारी आणि मार्च हे दोन महिने मी टोकं बघितली. प्रत्येक पेशीची वीस, एकूण २४०. वहीत चार रकाने आखले: संपली, तुटली, घनाबाहेर गेली, कळत नाही. एका टोकाला पाच ते दहा मिनिटं. सकाळी सहा ते आठ, लाइट असेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात, मला नाही वाटलं. काप सरकत जातात तशी एखादी तार शेजारच्या दहा तारांमधून वाट काढत जाते, दोन जाड फांद्यांच्या मधून निघते आणि तिसरीवर टेकते. इतक्या जवळून गेलेल्या दोघींना तिने सोडलेलं असतं. का सोडलं, हा प्रश्न मनात यायचाच.

पुढची मोजणी सोपी होती. प्रत्येक सिनॅप्स समोरच्या पेशीच्या केंद्रकापासून किती लांब आहे ते काढायचं. एक अट महत्त्वाची: समोरच्या तुकड्यात बरोबर एक केंद्रक असलं पाहिजे. शून्य असेल तर तो अनाथ तुकडा, दोन असतील तर दोन पेशी चिकटलेल्या. ही चाळणी लावली आणि दोन आलेख शेजारी ठेवले. बास्केटचा ढीग शरीराजवळ, मार्टिनोटीचा लांब पसरलेला. नवीन काही नव्हतं त्यात. पण या वेळी प्रत्येक आकड्यामागे मी बघितलेली टोकं होती.

९ एप्रिलला 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात या प्रकल्पाचे शोधनिबंध एकाच दिवशी आले. लेखन चालू होतं, तरी दोन दिवस सगळं बाजूला ठेवून वाचले. एका निबंधात ते दाखवतात की चित्रपट बघताना सारखा प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकमेकींना जास्त जोडलेल्या असतात, नुसत्या शेजारी असल्यामुळे जितक्या जोडल्या जातील त्याहूनही जास्त. हे म्हणायला जोडलेल्या जागा मोजून भागत नाही. तार कुठे जवळून जाऊनही जोडली गेली नाही, तेही मोजावं लागतं. आणि तार अर्धी असेल तर ते मोजताच येणार नाही. माझ्या सकाळच्या दोन तासांचं काम त्या मोठ्या कामाच्या कुठल्या कोपऱ्यात बसतं ते मला त्या दिवशी दिसलं.

लेखनाला पाच आठवडे लागले. रंगीत पानं दहा रुपये एक, चार प्रतींची बांधणी अडीचशेप्रमाणे हजार रुपये. आलेख काळ्या-पांढऱ्यातही कळतील असे काढले असते तर बरेच पैसे वाचले असते. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते बघतात त्यात, कार्यपद्धतीचं प्रकरण अडकलं, कारण तक्त्यांची आणि साधनांची नावं सगळीकडे तीच असतात. ती नावं अवतरणात टाकून पुन्हा दिलं, चार दिवसांत मंजूर झालं. बाहेरगावी दोनदा जावं लागलं, एसटीत महिलांना अर्धं तिकीट असल्याने ते जड गेलं नाही. रॅम, पॅक, छपाई धरून सगळा खर्च साडेसहा हजारांच्या आत बसला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलंच विचारलं, "प्रयोग कुठे केलात?" मी परवानगीचं पत्र पुढे ठेवलं आणि काय ह्यूस्टनला झालं, काय सिअॅटलला, काय प्रिन्स्टनला आणि काय आमच्या घरी, ते सांगितलं. मग त्यांनी वही मागितली. छापील प्रबंध नाही, वही. 'कळत नाही' च्या रकान्यात ३१ टोकं होती. त्यांनी विचारलं, ही वगळली का नाहीत? मी म्हटलं, वगळली असती तर ती संपलीत असं धरल्यासारखं झालं असतं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

त्या ३१ पैकी अकरा टोकं एकाच मार्टिनोटी पेशीची आहेत, पहिल्या थराच्या अगदी कडेला. तिच्या केंद्रकाचा क्रमांक मी आप्पांच्या दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे. पुढची आवृत्ती आली की आधी तीच उघडणार आहे.